एकच वादन, दोन नावं : जॉइस हॅटो प्रकरण आणि शोपँचे माझुर्का

फेब्रुवारी २००७. अमेरिकेतल्या एका श्रोत्याने संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या बारा ‘ट्रान्सेन्डेंटल’ एट्यूडची, म्हणजे पियानोच्या अभ्यासरचनांची, सीडी संगणकात घातली. वेष्टनावर पियानोवादिकेचं नाव होतं जॉइस हॅटो. पडद्यावर उमटलं लास्लो शिमॉन.

हे कसं घडलं ते आधी समजून घ्यायला हवं. जुन्या ऑडिओ सीडीवर रचनेचं किंवा कलाकाराचं नाव सहसा नोंदलेलंच नसतं. असतो तो एक तक्ता. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो, हे त्यात सेकंदाच्या ७५ व्या भागापर्यंत मोजून लिहिलेलं असतं. संगणक तो तक्ता ग्रेसनोट नावाच्या माहितीसाठ्याकडे पाठवतो आणि ज्या सीडीशी तो जुळतो तिचं नाव परत येतं. म्हणजे ग्रेसनोटने संगीत ऐकलं नव्हतं, फक्त बारा लांब्या पाहिल्या होत्या. एखाद्या रचनेची लांबी दोन वादकांची सारखी निघू शकते. बारांपैकी बहुतेक सारख्या निघणं अवघड असतं, कारण प्रत्येक रचनेत वादक शेकडो ठिकाणी थोडं थांबतो, थोडं घाई करतो.

त्या श्रोत्याने हे एका समीक्षकाला कळवलं. समीक्षकाने दोन्ही सीडी शेजारीशेजारी ऐकल्या आणि ‘ग्रामोफोन’ मासिकाशी संपर्क साधला. मासिकाने ध्वनीची तपासणी प्रिस्टीन ऑडिओ या जुनी मुद्रणं सुधारणाऱ्या कंपनीच्या अँड्र्यू रोझ यांच्याकडे दिली. रोझ यांनी दोन्हींच्या ध्वनिलहरी एकावर एक ठेवून पाहिल्या. बारापैकी दहा रचना शिमॉन यांच्या, बीआयएस या स्वीडिश कंपनीने आधीच काढलेल्या मुद्रणाशी जुळल्या. १५ फेब्रुवारीला बातमी प्रसिद्ध झाली. पुढच्या काही दिवसांत हॅटोच्या एकेका सीडीखालून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वर येऊ लागलं.

हे प्रकरण बहुतेक वेळा फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. फसवणूक तर होतीच. पण वादनाची पारख करणाऱ्या माणसासाठी त्यात एक वेगळी गोष्ट आहे. मुद्दाम करायला गेलं तर कुणालाही जमला नसता, असा एक प्रयोग इथे नकळत घडून गेला. एकच वादन दोन नावांनी, काही वर्षांच्या अंतराने, जाणकारांपुढे आलं आणि त्यांनी दोन्ही वेळा आपलं मत छापून ठेवलं. त्या मतांचं काय करायचं, हा या लेखाचा विषय.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. जॉइस हॅटो १९२८ मध्ये लंडनमध्ये जन्मल्या. त्या खरोखरच पियानोवादक होत्या. अर्नोल्ड बॅक्सच्या ‘सिम्फनिक व्हेरिएशन्स’चं त्यांनी १९७० मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण त्यांचंच आहे. १९७० च्या दशकातच त्या मंचावरून दूर झाल्या. त्यांचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ हे लेबल चालवत. हॅटोंच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत या लेबलवरून त्यांच्या नावाने शंभराहून अधिक सीडी निघाल्या. बेटोफन, मोझार्ट, शोपँ, लिस्ट, रख्मानिनॉव, प्रोकोफिएव्ह. शोपँच्या एट्यूडवर गोडॉव्स्कीने रचलेल्या, भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या रचनाही त्यात होत्या. सोबत एक कथा होती : कर्करोगाने त्रस्त वृद्ध कलावती लोकांसमोर येणं सोडून देते आणि एका छोट्या स्टुडिओत, दुखणं सोसत, पियानोचं अवघं साहित्य वाजवून ठेवते. २००५ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रात, हयात असलेल्या पियानोवादकांत सर्वांत थोर पण जवळजवळ कुणीच न ऐकलेली, अशा अर्थाचं त्यांचं वर्णन छापून आलं. जून २००६ मध्ये त्यांचं निधन झालं.

शंका घेणारे तेव्हाही होते. इतकं सगळं एकाच व्यक्तीकडून, तेही या वयात आणि या दुखण्यात? रख्मानिनॉवच्या कॉन्चेर्तोंसाठी (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनांसाठी) जो वाद्यवृंद आणि रेने कोहलर नावाचे जे संचालक छापले होते, त्यांचा या सीडींबाहेर कुठेच माग का लागत नाही? २००६ मध्ये ‘ग्रामोफोन’मधून शंकेखोरांना जाहीर विचारणा झाली : न्यायालयात टिकेल असा पुरावा असेल तर पुढे या. कुणी आलं नाही. पुरावा मात्र तेव्हाही प्रत्येक सीडीत होता, तो कुणी मागितला नव्हता इतकंच.

बातमी फुटल्यावर बॅरिंग्टन-कूप यांनी आधी सगळं नाकारलं. मग त्याच महिन्यात बीआयएसच्या प्रमुखांना पत्र लिहून कबुली दिली. त्यांचं म्हणणं असं होतं : पत्नी वाजवत असताना वेदनेने कण्हायची, ते आवाज झाकण्यासाठी दुसऱ्यांच्या मुद्रणातले छोटे तुकडे जोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू तुकडे मोठे होत गेले. पत्नीला यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. हे स्पष्टीकरण तपासणीशी जुळत नाही. सापडलेल्या बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचं वादन तुकड्यातुकड्याने नाही, सलग उचललेलं आहे. काही ठिकाणी ते ओळखू येऊ नये म्हणून वेगही बदललेला आहे. एका जागी तर सुमारे १५ टक्के.

मीही त्या ऐकणाऱ्यांत होतो. एका मित्राने हॅटोच्या नावाची शोपँच्या माझुर्कांची सीडी मला २००६ मध्ये ऐकायला दिली होती. ऐकलेल्या मुद्रणांची वही ठेवायची माझी जुनी सवय आहे. त्या वहीत या सीडीला एक पूर्ण पान दिलेलं आहे. त्या पानाकडे शेवटी येतो.

समीक्षक चुकले, म्हणजे कुठे चुकले?

बातमीनंतर एक सोपा निष्कर्ष सगळीकडे फिरला : समीक्षकांना काही कळत नाही. मला तो पटत नाही. हॅटोच्या नावाने निघालेला रख्मानिनॉवचा तिसरा कॉन्चेर्तो प्रत्यक्षात येफिम ब्रॉन्फमन यांचा होता, सोबत वाद्यवृंदाचे संचालक एसा-पेक्का सालोनेन. ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्तो व्लादिमीर आश्कनाझींचा. ही वादनं उत्तम आहेत असं लिहिणाऱ्यांच्या कानांनी त्यांना फसवलं नव्हतं. उत्तम वादनाला उत्तम म्हणणं ही चूक नाही.

अडचण दुसरीकडे आहे. ब्रॉन्फमन यांचं तेच मुद्रण त्यांच्या स्वतःच्या नावाने आलं तेव्हा ज्या समीक्षकाला ते थोडं कोरडं, ऊर्मीत कमी वाटलं होतं, त्याच समीक्षकाने हॅटोच्या नावाने आलेल्या त्याच वादनाची मनापासून स्तुती केली. दोन्ही परीक्षणांत प्रामाणिकपणाचा अभाव नव्हता. तो दोन्ही वेळा जे ऐकू आलं तेच लिहीत होता. फक्त त्याला ऐकू आलेल्या गोष्टींतल्या काही सुरातून आल्या होत्या आणि काही वेष्टनावरून, आणि लिहिताना त्या वेगळ्या करायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

याहून मोठी गोष्ट माझ्या मते अजून पुरेशी बोलली गेलेली नाही. डझनांनी वेगवेगळ्या पियानोवादकांच्या मुद्रणांवर एकच नाव चिकटवलं होतं, आणि ऐकणाऱ्यांना त्या सगळ्यांत एकच व्यक्तिमत्त्व सापडलं. हॅटोंचा खास स्वर, हॅटोंची नम्रता, संगीतकाराच्या मागे उभं राहण्याची त्यांची वृत्ती. वेगवेगळे हात, वेगवेगळे पियानो, वेगवेगळी सभागृहं आणि स्टुडिओ, आणि ऐकणाऱ्याच्या मनात घट्ट विणलेली एक बाई. आपण वादनाचं परीक्षण करतो आहोत असं समजून माणूस एका व्यक्तीचं चरित्र लिहीत होता. ही चूक बहिऱ्या कानाची नाही. चांगल्या कानाचीच आहे, कारण चांगला कान सतत जोडणी शोधत असतो. ज्याला एकाच वादकाच्या दोन मुद्रणांतला धागा दिसतो, त्याला नसलेला धागाही दिसू शकतो.

माझुर्का आणि चारशे ठोके

लिस्टच्या सीडीचा उलगडा लांब्यांच्या तक्त्याने केला. शोपँच्या माझुर्कांचा उलगडा वेगळ्याच वाटेने, फसवणूक शोधायला न निघालेल्या लोकांनी केला. त्या कामाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण परीक्षण म्हणजे काय असू शकतं याचा तो फार चांगला नमुना आहे.

माझुर्का हे पोलंडचं तीन मात्रांचं नृत्य. वॉल्ट्झही तीन मात्रांचाच, पण तिथे वजन पहिल्या मात्रेवर ठरलेलं. माझुर्कात ते दुसरीवर किंवा तिसरीवर सरकतं, आणि किती सरकायचं हे कागदावर पूर्ण लिहिता येत नाही. शोपँ स्वतः वाजवताना एखादी मात्रा इतकी लांबवायचा की पियानोवादक चार्ल्स हॅले यांना ती चाल चार मात्रांची भासली. त्यांनी तसं म्हटल्यावर शोपँने साफ नाकारलं. मग तो वाजवत असताना हॅलेंनी मोठ्याने चार मोजून दाखवले. तेव्हा शोपँ हसला आणि या नृत्याचा स्वभावच असा आहे म्हणाला. अशीच गोष्ट ऑपेराकार मायरबेअरबद्दल आहे. ओपस ३३ (ओपस म्हणजे रचनांचा प्रकाशन-क्रमांक) मधल्या एका माझुर्काला मायरबेअरने दोन मात्रांचा म्हटलं, तेव्हा मात्र शोपँ भडकला, असं त्याचा विद्यार्थी लेन्झ सांगतो. रचनाकाराच्या हयातीतच त्याच्या पियानोपाशी उभ्या असलेल्या जाणत्या संगीतकारांना मात्रा किती हेच ठरवता येईना! मग पुढच्या पिढ्यांतल्या प्रत्येक वादकाला हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो, आणि तो ज्याच्या त्याच्या पद्धतीने सोडवतो.

लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातले निकोलस कुक आणि क्रेग सॅप नेमका हाच अभ्यास करत होते. एका माझुर्काची डझनावारी ध्वनिमुद्रणं घ्यायची, प्रत्येकात प्रत्येक मात्रेचा क्षण नोंदायचा, आणि एका मात्रेपासून दुसरीपर्यंत किती वेळ गेला त्यावरून लयीचा आलेख काढायचा. ओपस १७ मधल्या चौथ्या, ए मायनर या स्वरपट्टीतल्या माझुर्कात अशा सुमारे चारशे मात्रा आहेत. म्हणजे प्रत्येक वादकाचा चारशे टेकड्या-दऱ्यांचा एक आलेख तयार होतो. वादक कुठे रेंगाळला, कुठे सावरलं, वाक्य संपवताना किती श्वास घेतला, सगळं त्यात दिसतं.

एकाच परंपरेतल्या दोन वादकांचे आलेख थोडेफार एकमेकांसारखे असतात. आर्थर रुबिनस्टाइन यांनी माझुर्का तीनदा ध्वनिमुद्रित केले : १९३० च्या दशकाच्या अखेरीला, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला. त्यांचे आलेख एकमेकांचे नातलग असावेत तसे दिसतात, पण एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसत नाहीत. एका माणसाला स्वतःचीच नक्कल चारशे मात्रांत करता येत नाही. या पार्श्वभूमीवर हॅटोच्या नावाचा आलेख आणि युजीन इंजिक या पियानोवादकाचा आलेख जवळजवळ पूर्ण जुळले. दोन मुद्रणांच्या वेगात एक टक्क्याहूनही कमी फरक होता, तो सोडला तर टेकडी तिथे टेकडी, दरी तिथे दरी. असं काही दिसलं की पहिला संशय आपल्याच कामावर घ्यायला हवा : फाइल चुकून दोनदा तर भरली नाही ना? तशी ती नव्हती.

मला या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आलेख कुणालाही गुण देत नाही. इंजिक यांचं वादन चांगलं की वाईट, याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. तो फक्त सांगतो, या जागी असं झालं. आणि तेवढ्यावरच खोटं उघडं पडलं. सुंदर, परिपक्व, खोल या शब्दांपैकी एकानेही ते उघडं पडलं नसतं, कारण हे शब्द कुठल्याही चांगल्या वादनावर बसतात.

यावर एक आक्षेप येतो, तोही रास्त आहे : संगीत म्हणजे आलेख नव्हे. नाहीच. मात्रांच्या क्षणांत सुराचा गोडवा येत नाही, पेडलचा धूसरपणा येत नाही, दोन हातांमधला तोल येत नाही. ज्याला माझुर्का कळत नाही त्याला चारशे आकडे बघूनही तो कळणार नाही. पण ज्याला कळतो त्याला आपलं म्हणणं जागेवर बोट ठेवून सांगण्याची सवय आलेख लावतो, आणि मला तेवढी पुरे आहे.

घरात केलेली चाचणी

हे सगळं वाचल्यावर मी स्वतःवर एक चाचणी करून पाहिली. एका मित्राला सांगितलं, याच ए मायनर माझुर्काची पाच मुद्रणं दे, नावं लपव, फक्त आकडे ठेव, आणि सगळ्यांचा आवाज सारख्या पातळीवर आण. ही शेवटची अट महत्त्वाची. थोडा मोठा वाजणारा आवाज कानाला हमखास अधिक जिवंत, अधिक स्पष्ट वाटतो, आणि ऐकणारा त्याचं श्रेय वादकाला देऊन मोकळा होतो. मित्राने मला न सांगता आणखी एक गोष्ट केली. दोन आणि पाच या क्रमांकांवर एकच मुद्रण ठेवलं, पाचवर त्याचा वेग किंचित वाढवून.

मी ओळखलं नाही. दोन क्रमांकाबद्दल लिहिलं होतं, ‘डावा हात जड, गाणं दबतं.’ पाच क्रमांकाबद्दल, ‘डावा हात हलका, गाण्याला मोकळी हवा.’ मित्राने खुलासा केल्यावर मी पहिल्यापासून पुन्हा ऐकलं आणि कारण सापडलं. दोनच्या आधी जे मुद्रण वाजलं त्यात डावा हात अगदी पिसासारखा होता. पाचच्या आधीच्या मुद्रणात तो ठोकल्यासारखा होता. माझी विशेषणं त्या वादकाबद्दल नव्हतीच, ती शेजाऱ्याबद्दल होती.

पण त्याच दोन कागदांवर दुसऱ्या प्रकारच्याही नोंदी होत्या. पहिल्या लांब स्वरलडीच्या आधी वादक जरा थबकतो, ही नोंद दोन्हींवर होती. मधल्या ए मेजर भागात शिरताना लय बदलत नाही, ही दोन्हींवर होती. परतीच्या वेळी मुख्य धून आधीपेक्षा हळू आवाजात येते, ही दोन्हींवर होती. ज्या वाक्यात रचनेतली जागा होती ते वाक्य टिकलं. ज्यात फक्त विशेषण होतं ते उलटं झालं.

तेव्हापासून माझी ऐकण्याची रीत बदलली. आता मी रचनेपासून सुरुवात करतो, मुद्रणापासून नाही. या माझुर्काचंच घ्या. त्याची सुरुवात चार आवर्तनांच्या एका विचित्र प्रस्तावनेने होते. खालचा ए आणि वरचा एफ जागच्या जागी राहतात, आणि मधला सूर बी, सी, डी असा त्यांच्यामध्ये चाचपडत फिरतो. ही ए मायनर आहे की एफ मेजर, कानाला ठरवता येत नाही. वादकाने इथे काय करायचं? मधला सूर थोडा पुढे आणून त्याला गाऊ द्यायचं, की तिन्ही सूर एका धुक्यात ठेवायचे? दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण दोन्हींतून पुढचा माझुर्का वेगळा उगवतो. पहिल्या मार्गाने गेलं तर मुख्य धून त्या मधल्या सुराची पुढची ओळ वाटते. दुसऱ्याने गेलं तर ती धुक्यातून अचानक समोर आल्यासारखी.

मग डाव्या हाताचे स्वरमेळ. उजव्या हातात धून चालू असताना ते अर्ध्याअर्ध्या स्वराने खाली सरकत राहतात, एका वेळी एकच बोट हलवावं तसे. पुष्कळ वादक इथे फक्त धून वाजवतात आणि डावा हात ताल धरल्यासारखा ठेवतात. ते सरकणं ऐकू आलं नाही, तर या रचनेची सगळी कातरता धुनेवर पडते आणि धून रडवी होते. माझ्या मते हाच या माझुर्काच्या वादनातला सर्वांत वारंवार दिसणारा दोष आहे. मधल्या ए मेजर भागात गावच्या वाद्याचा आधारसूर धरल्यासारखा डावा हात एकाच जागी ठोके देतो. तिथे लय जर सैल सोडली तर नृत्य विरतं, आणि आधीच्या-नंतरच्या हळवेपणाला टेकायला काही उरत नाही.

आणि शेवट. प्रस्तावनेतले तेच चाचपडणारे स्वरमेळ परत येतात, शोपँने त्यावर ‘पेर्देन्दोसी’ लिहिलं आहे, म्हणजे विरत जात, आणि रचना थांबते ती ए मायनरवर नाही. एफ, ए, सी या सुरांवर थांबते, प्रश्न जिथे सुरू झाला होता तिथेच. वादकाने इथे लय इतकी ओढली की तो शेवट वाटू लागला, तर माझ्या वहीत त्याचा एक गुण कमी होतो. तो शेवट नाही, नुसतं थांबणं आहे.

हे प्रश्न हाताशी असले की वादकाचं नाव माहीत असो वा नसो, उत्तर तेच येतं. निदान पहिल्या ऐकण्यात.

तरीही नाव कायमचं लपवावं या मताचा मी नाही. हॅटो प्रकरणानंतर काहींनी तसं सुचवलं : सगळं परीक्षण नावाविना व्हावं. पण नावासोबत खरी माहितीही येते. हे मुद्रण मंचावरचं आहे की स्टुडिओतलं, एका दमात वाजवलं की जोडून तयार केलं, पियानो शोपँच्या काळातला प्लेएल आहे की आजचा मोठा कॉन्सर्ट पियानो, वादक विशीतला आहे की सत्तरीतला. एखाद्या आजारी माणसाने अमुक रचना वाजवली हे कळल्यावर आपलं ऐकणं हलतं, आणि ते हलण्यात काही गैर नाही. माणसं माणसांनी वाजवलेलं ऐकतात. हॅटोच्या श्रोत्यांचं हेलावणं खरं होतं. ज्या गोष्टीने ते हेलावले ती खोटी होती, आणि तो दोष श्रोत्यांचा नव्हे. म्हणून मी नाव दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवतो आणि नाव कळल्यावर जे बदललं ते वेगळ्या शाईने लिहितो. काय कुठून आलं ते दिसत राहतं.

स्टुडिओतल्या जोडकामाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण बॅरिंग्टन-कूप यांच्या बचावाचा आधार तोच होता. शास्त्रीय संगीताची बहुतेक स्टुडिओ मुद्रणं तुकडे जोडूनच बनतात. एका फेरीतला चुकलेला सूर दुसऱ्या फेरीतल्या बरोबर सुराने बदलतात, हे सगळ्या जाणकारांना ठाऊक असतं. पण ते तुकडे त्याच हातांचे असतात. लयीचा आलेख काढला तर त्यात एकाच माणसाचे निर्णय सापडतात. दुसऱ्या माणसाचा एक तुकडाही जोडला, तर त्या जागचा निर्णय कुणाचा, या प्रश्नाला उत्तर उरत नाही, आणि परीक्षणाला विषयच उरत नाही.

ज्याचं वादन होतं तो

हॅटो कोण होत्या, त्यांचे पती कसे होते, यावर भरपूर लिहिलं गेलं. ज्यांची वादनं घेतली गेली त्यांच्यावर त्या मानाने फार थोडं. मला हे खटकतं.

युजीन इंजिक १९४७ मध्ये बेलग्रेडला जन्मले, अमेरिकेत वाढले. १९७० च्या वॉर्सामधल्या शोपँ स्पर्धेत चौथे आले. त्या वर्षी पहिले आले गॅरिक ओल्सन आणि दुसऱ्या मित्सुको उचिदा, यावरून चौथ्या जागेचा दर्जा लक्षात यावा. माझुर्कांचं त्यांचं मुद्रण १९८० च्या दशकातलं. हॅटोचं नाव चिकटण्याआधी बरीच वर्षं ते त्यांच्या स्वतःच्या नावाने बाजारात होतं. ज्याला हवं त्याला ते ऐकता आलं असतं. मी ऐकलं नव्हतं. माझ्या वहीत २००७ च्या आधी इंजिक हे नाव एकदाही नाही, आणि शोपँच्या माझुर्कांची सतरा-अठरा मुद्रणं तोवर मी नोंदवलेली होती.

म्हणजे हे वादन मला पोचवायला त्या खोट्या नावाचीच गरज पडली. ही गोष्ट मला अजून टोचते. समीक्षक नावाला भुलले असं म्हणताना त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. नाव नसल्यामुळे आपण किती वादनांपर्यंत पोचतच नाही? हॅटोच्या कथेने ऐकणाऱ्याला वाढीव गुण द्यायला लावले हे खरं, पण त्याआधी तिने त्याला मुद्रण हातात घ्यायला लावलं. शिमॉन, इंजिक आणि त्यांच्यासारखे इतर यांच्याजवळ कथा नव्हती. त्यांच्याजवळ फक्त वादन होतं.

आता ते पान. २००६, ‘शोपँ, माझुर्का, जॉइस हॅटो’. खाली ओपस १७, क्रमांक ४ च्या पुढे मी लिहिलं आहे : ‘शांत. परिपक्व. सगळं सोसून झालेल्या बाईचं वाजवणं.’ तिन्ही विशेषणं प्रामाणिक होती, आणि तिन्हींत रचनेतली एकही जागा नाही. तिसऱ्यात तर सुराचाही संबंध नाही, ते सरळ वेष्टनावरून उतरवलेलं आहे. चाळिशीच्या आसपासच्या एका पुरुषाचं वाजवणं ऐकून मी ते लिहिलं होतं.

मी ते खोडलं नाही. खाली इंजिक यांचं नाव लिहून नवी तारीख टाकली. जुन्या नोंदीची शेवटची ओळ तेवढी कामाची होती, ती फक्त एक आठवण म्हणून लिहून ठेवली होती : ‘शेवटचे स्वरमेळ पुन्हा ऐकायचे.’ इंजिक यांच्या नावाने ती सीडी मागवली, त्या दिवशी तिथूनच सुरुवात केली.